काकांच्या बिअरचा आकडा

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावातले आमचे घरमालक काका घरी बिअर करायचे आणि स्वतः पीत नसत. चाखायचे फक्त, तेही चहाच्या चमच्याने, काढा घेतल्यासारखा चेहरा करून. उरलेली सगळी समोरच्या रिटायर्ड गोऱ्या शेजाऱ्याकडे जायची. तो बाटल्या धुऊन परत आणून द्यायचा आणि दारातच म्हणायचा, "गुड." काका त्याला तिथेच धरायचे. गुड म्हणजे किती गुड? मागच्या खेपेपेक्षा जास्त की कमी? कडू आधी लागलं की मागून? तो बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायचा. मग आत येऊन काका काकूंना सांगायचे, "ह्या माणसाकडून डेटा मिळत नाही."

आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. माझा नवरा प्रोजेक्टसाठी सोमवारी पहाटे ओहायोला जायचा तो शुक्रवारी यायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरीची बंदी. त्या वर्षांत रोज कुणाचा ना कुणाचा जॉब गेल्याचं कानावर यायचं, आणि मी मूळची काळजीखोर, त्यामुळे शुक्रवारी नवऱ्याची गाडी ड्राइव्हवेत दिसेपर्यंत मी जिन्यावर वर-खाली करत राहायची. लग्नाआधी मी सांगलीकडच्या एका दूध संघाच्या लॅबमध्ये होते. सकाळी कॅन यायचे, दुधात लॅक्टोमीटर सोडायचा आणि कुणी पाणी घातलंय ते सांगायचं, हे माझं काम. काकांना हे कळलं आणि त्या दिवसापासून मी 'डेअरीबाई' झाले. कारण बिअरवाल्यांचा हायड्रोमीटर म्हणजे लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. जिन्यावरून हाक यायची, "काय डेअरीबाई, रीडिंग घ्यायला येणार का?" मी गॅस बंद करून वर पळायची. खरं सांगू, मला फार बरं वाटायचं. त्या देशात आपल्यालाही काहीतरी येतं असं मानणारा तो एकच माणूस मला भेटला होता.

काकांनी उभा जन्म गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मापं तपासण्यात घालवला होता. बाकीचे बनवणार आणि हे नापास करणार. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. थर्मामीटर फ्रिजमध्ये एक, हॉलमध्ये एक, गॅरेजमध्ये दोन, कारण एक चुकला तर? शुगर होती, म्हणून गोड असलं की ते आधी काट्यावर चढायचं आणि मग ताटात. काकूंच्या पोळ्या एकदा त्यांनी पट्टीने मोजल्या होत्या. काकूंनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि त्या निवांत टीव्ही बघत बसल्या. त्यानंतर पोळ्यांचं माप हा विषय त्या घरात निघाला नाही.

घाबरट इतके, की त्यांच्यापुढे मी शूर ठरायचे. आमच्याकडे वादळ आलं, तळघरात जा, असं सांगणारा भोंगा दर महिन्याला टेस्ट म्हणून वाजायचा. सगळं गाव दुर्लक्ष करायचं. काका मात्र टॉर्च आणि ट्रान्झिस्टर घेऊन, काकूंना पुढे घालून, आमच्या बेसमेंटमध्ये हजर. काकू माझ्या ओट्याशी बसून मटार सोलायच्या. अहो काका, नुसती टेस्ट आहे, असं मी म्हटलं तर म्हणायचे, वादळाला टेस्टची वेळ चुकवूनच यायचं असं काही बंधन आहे का?

पण एका गोष्टीत हा भित्रा माणूस कुणाला घाबरला नाही. कंपनीत एकदा साहेबाने त्यांना सांगितलं, ट्रक दारात उभा आहे, आकडा जरासा वर लिहा. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. ट्रक रिकामा गेला, आणि काका रिटायर होईपर्यंत बढतीशिवाय त्याच खुर्चीत बसून राहिले. "स्पेक म्हणजे स्पेक, एकदा ठरलेलं माप," ते सांगायचे. "माणसाशी एक वेळ खोटं बोलेन, आकड्याशी नाही." काकू मागून म्हणायच्या, त्यापेक्षा उलटं केलं असतं तर बरं झालं असतं. त्या हे का म्हणायच्या, ते मला नंतर कळलं.

मुलगी एकच, शिकागोला. तिने एक अमेरिकन मुलगा पसंत केला आणि त्याला घरी जेवायला आणलं. त्याला घरी बिअर करायचा नाद. येताना त्याने होणाऱ्या सासऱ्यासाठी भेट म्हणून बिअर करायचं सगळं सामान एका खोक्यात बांधून आणलं. न पिणाऱ्या माणसाला. काकांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. पानावर बसल्यावर ते त्याला इंग्रजीत म्हणाले, तपासल्याशिवाय मी काही पास करत नाही, आणि तुला मी तपासलेलं नाही. मुलगी अर्ध्या ताटावरून उठली. पुढे दोघांनी कोर्टात लग्न केलं, काकांना नंतर कळवलं. दर रविवारी तिचा फोन यायचा. काकांनी उचलला तर ती एवढंच विचारायची, "आई आहे?" काका "हो" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवायचे, आणि हळूच ठेवायचे, आवाज होऊ नये म्हणून. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या.

ते खोकं कितीतरी महिने गॅरेजमध्ये बुटांच्या रॅकखाली पडून होतं. मग एका उन्हाळ्यात काकांनी ते फोडलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. बघू तरी काय असतं त्यात, एवढंच म्हणाले. आम्ही राहायला आलो तोवर गॅरेजचा कारखाना झाला होता. मंडळाच्या गणपतीत मसालेभाताला लागणारं मोठं पातेलं त्यांनी एकदा उसनं आणलं, आणि त्यात बिअर शिजली म्हटल्यावर मंडळाने ते परत घ्यायचं नाकारलं. काकू सगळ्यांना सांगायच्या, आमचे हे गॅरेजमध्ये दारू गाळतात. सांगताना तोंड वाकडं करायच्या, पण चक्का टांगायचा धुवट पंचा त्यांनीच काढून दिला होता. मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली त्या पंचात बांधायची, गरम पाण्यात मुरवायची आणि पिळून काढायची. मागे राहतं ते गोड पाणी. काका त्याला रस म्हणायचे. मग रस उकळायचा, आणि फेस येऊन बसला की त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, दिसायला थेट शेळीच्या लेंड्या आणि चवीला जहर. बिअरचा कडूपणा त्यांचा. मिशिगनमध्ये कडुलिंब कुठून मिळणार, म्हणून आमच्या पहिल्या पाडव्याला काकांनी सगळ्यांच्या हातावर गुळाच्या खड्याबरोबर हॉप्सचा चुरा ठेवला होता. माझ्या नवऱ्याला दुपारपर्यंत जेवण गेलं नाही.

माझं काम रसाची गोडी मोजायचं. रस थंड करून नळीत ओतायचा आणि हायड्रोमीटर तरंगला की आकडा वाचायचा. गरम रसात वाचला तर आकडा खोटा, हे मला दुधामुळे ठाऊकच होतं. काकांच्या लाडक्या रेसिपीचा आकडा पन्नास. हॉप्स किती टाकायचे ते त्या पन्नासच्या हिशेबाने ठरलेलं. एका हिवाळ्यात बार्ली नीट भरडली गेली नव्हती, रस पातळ उतरला. मी म्हटलं, काका, गोडी कमी आलीय तर हॉप्सही कमी करा. शिवाय पातळ रसाला कडू जास्त चढतं, हे त्यांनीच मला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. नाही. कागदावर जेवढे हॉप्स लिहिलेत तेवढे पडणार, स्पेक म्हणजे स्पेक. ती बिअर शेजाऱ्याने तोंडाला लावली, ग्लास कठड्यावर ठेवला आणि तो थंडी-बर्फाच्या गप्पा मारायला लागला. काकांनी त्याच दिवशी सगळ्या बाटल्या मागच्या अंगणात ओतल्या. ओतताना कुणाशी बोलले नाहीत, आणि पुढे आठवडाभर काकूंशीही नाही, जणू बार्ली काकूंनी भरडली होती.

त्यानंतर फेब्रुवारीअखेर काकू एके दिवशी खाली आल्या. दार लावून घेतलं, खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, पाडव्याच्या आसपासच्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला येतायत. फक्त जेवायला, लगेच परत. आणि मुलीने बजावलंय, बाबा एक शब्द जरी बोलले तरी आम्ही उठू, आणि मग पुन्हा नाही.

"तू पण जेवायला यायचंस," काकू म्हणाल्या. "परकं माणूस असलं की हे जरा जपून बोलतात. आणि तुला सांगते, त्याआधी ह्यांचा आवाज एकदा जरी चढला ना, तर मीच तिला फोन करणार, येऊ नकोस म्हणून. तिला परत तसं उठलेलं मला बघवणार नाही."

झालं. माझ्या काळज्यांत आणखी एकीची भर. काका वरच्या मजल्यावर जोरात शिंकले तरी मी दचकायची.

काकांनी काय ठरवलंय ते कुणी सांगायला नको होतं. जावयाने दिलेल्या सामानावर केलेली बिअर जावयापुढे ठेवायची. तोंडाने जे निघत नव्हतं ते बाटलीत भरून द्यायचं. बिअर तयार व्हायला चार आठवडे लागतात आणि हातात तेवढेच होते, म्हणजे एकच खेप. मार्चमधला तो रविवार मला लख्ख आठवतो. अंगणात बर्फ होतं. काकांनी सकाळी गॅसचं सिलिंडरसुद्धा वजन करून पाहिलं होतं. गॅस भरून देणारा रविवारी बंद, पण एका उकळीपुरता आहे, म्हणाले. शेगडीशेजारी आग लागलीच तर म्हणून गॅलनचा, म्हणजे चारेक लिटरचा, पाण्याचा कॅन भरून ठेवला होता. तो नेहमीच असायचा. रस उतरला, मी आकडा वाचला, उकळून आटल्यावर हिशेबाने पन्नास अगदी बरोबर. काका हसले नाहीत, पण पट्टी खिशातून काढून परत ठेवली. ते खुशीत आले की असं करायचे.

पातेलं उकळायला ठेवलं. मी पंचातला चोथा हरणांसाठी अंगणात टाकायला गेले. तेवढ्यात घरातला फोन वाजला. रविवार. काका पातेलं कधी सोडत नसत, पण काकू फ्रोझन मटार काढायला गॅरेजमधल्या फ्रीझरकडे आलेल्या, म्हणून काकाच फोन घ्यायला आत गेले.

मी परत आले तर काकू शेगडीपुढे उभ्या. एका हातात मटारचं पाकीट, दुसऱ्यात रिकामा कॅन. पातेल्याच्या कडांवरून ओघळलेला तपकिरी फेस शेगडीवर जळत होता. फेस वर आला, आणि दूध उतू जाताना बाई जे करते ते काकूंनी केलं. पाण्याचा हबका मारला. बसला नाही म्हणून आणखी मारला. शेवटी घाबरून अख्खा कॅन उपडा केला. "उतू जात होतं गं," त्या मला म्हणाल्या.

काका आतून आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. "आज दोन मिनिटं बोलली माझ्याशी," ते म्हणाले. "तब्येत विचारली." मग त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं. त्यांच्याकडे खुणा केलेली एक लाकडी काठी होती, ती त्यांनी बुडवून पाहिली, पुसली, पुन्हा बुडवली. रस वाढला होता. "डेअरीबाई, रीडिंग."

मी रस काढला, नळी बर्फात खोचली आणि थंड व्हायची वाट बघत बसले. डेअरीत पाणीवाले गवळी माझ्या तोंडाकडे असेच बघत उभे राहायचे, पण तिथे माझं कुणी नव्हतं. इथे दारात काकू होत्या. पन्नास आहे म्हणून सांगावं असं फार वाटलं. पण उपयोग काय? काका माझ्या मागून वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतः वाचलं. आकडा घसरला होता. काही केलं तरी शेवटी त्रेचाळीसच्या वर जाणार नव्हता.

काकूंनी सांगून टाकलं. "मी पाणी घातलं. उतू जात होतं." एवढंच बोलल्या आणि कॅन खाली ठेवला. फोन आतल्या भिंतीवर होता आणि काकू त्याच्या बाजूच्या दारातच उभ्या होत्या. काकांचा आवाज चढला की त्या तो उचलणार, मला दुसरं काही दिसेना.

मीच काहीतरी बडबडले. जास्त वेळ उकळून आटवू या म्हटलं. काका म्हणाले, गॅस पुरणार नाही. आवाज खाली होता. मग ते पातेल्यात बघत उभे राहिले. मला कळत होतं की आत काय चाललंय. एक खेप, चार आठवडे, आणि आयुष्यभर नापास करायची सवय.

मग ते वळले आणि काकूंना म्हणाले, "दूध असतं तर बरोबरच केलं असतंस."

काकांनी काटा पुढे ओढला. कागदाप्रमाणे मोजलेले हॉप्स वाटीत तयार होते. त्यातल्या गोळ्या ते एकेक करून उचलायला आणि पाकिटात परत टाकायला लागले. त्यांनी मोजलेलं काही कमी करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. एक गोळी निसटून फ्रीझरखाली गेली.

"गोडी कमी झाली ना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग कडू पहिल्याइतकं ठेवून कसं चालेल? पिणाऱ्याला नुसतं कडूच लागेल." आणि पुढे म्हणाले, "मागे मी तेच केलं." ते हिवाळ्यातल्या बिअरबद्दल बोलत होते असं मला तेव्हा वाटलं.

ते चार आठवडे कसे काढले ते मला विचारू नका. बाटल्यांत बिअर, वर काका, खाली मी, आणि मधल्या जिन्यावर काकूंच्या फेऱ्या. वरून आवाज चढल्याचं मात्र एकदाही ऐकू आलं नाही.

त्या रविवारी नवरा कामामुळे ओहायोतच अडकला होता, मी एकटीच वर गेले. गुढी डेकच्या कठड्याला बांधली होती. मुलगी आली ती कोट न काढताच हॉलमध्ये उभी राहिली, गाडीची किल्ली हातात. जावई उंच, लाजरा. त्याने दारात बूट काढले आणि दाराजवळच्या रॅकमध्ये सरळ रेषेत लावले, आणि काकांनी ते पाहिलेलं मी पाहिलं. पानं मांडली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. काकांनी आधी सगळ्यांच्या हातावर गूळ आणि हॉप्सचा चुरा ठेवला. जावयाने तो चावला, डोळे मिटले आणि हॉप्सची जात ओळखून दाखवली. काका मला मराठीत पुटपुटले, "ह्याला कळतं." मुलीने ते ऐकलं. तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीला टाकला. किल्ली मात्र ताटाशेजारी ठेवली.

मग काकांनी बिअर आणली. न सांडता ओतली आणि बसून राहिले. हात खिशातल्या पट्टीवर. जावयाने एक घोट घेतला, दुसरा घेतला. म्हणाला, हलकी आहे, छान बसलीय, कडू कुठे टोचत नाही. हे आपण दिलेल्या खोक्यातल्याच सामानावर का, असं त्याने विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली. मग करणारे करणाऱ्यांना जे विचारतात तेच त्याने अगदी सहज विचारलं.

"व्हॉट वॉज युअर टार्गेट?"

काकूंच्या हातातला डाव श्रीखंडाच्या पातेल्यात थांबला. पन्नास. पन्नासचे त्रेचाळीस का झाले, ते त्या टेबलावर आम्हा तिघांनाच माहीत होतं. आणि हा माणूस आकड्याशी खोटं बोलत नाही, हे मुलीला जन्मापासून माहीत होतं.

काकांनी घसा खाकरला. "फोर्टी-थ्री," ते म्हणाले.

"अँड यू गॉट?"

"फोर्टी-थ्री."

"आय टोल्ड यू," मुलगी नवऱ्याला म्हणाली. "बाबा नेव्हर मिसेस." आणि ती हसली. हसताना ताटाशेजारची किल्ली तिने उचलली आणि मागे कोटाच्या खिशात टाकून दिली.

काका ताटाकडे बघत होते. काकू टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांनी त्यांच्या ताटात श्रीखंड वाढलं, चांगलं डावभर, काटा न आणता. काकांनी किती आहे ते विचारलं नाही. पुरीचा तुकडा मोडला आणि खायला लागले.